तुरुंगातले कॉलेज कुणाच्या भरवशावर?

वर्षातून एकदा तरी ही बातमी वर्तमानपत्रात येते. अमुक मध्यवर्ती कारागृहातले इतके बंदी पदवीधर झाले, त्यांना शिक्षेत तीन महिन्यांची माफी मिळाली. सोबत फोटो असतो. मध्ये अधीक्षक साहेब, शेजारी विद्यापीठाचे अधिकारी आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे असलेले चार-पाच कैदी. बातमी खरी असते आणि चांगलीही असते. बराकीतल्या शंभर-सव्वाशे माणसांच्या गोंगाटात बसून ज्याने बी.ए. केले, त्याचे कौतुक झालेच पाहिजे.

पण त्या बातमीत काही आकडे कधीच नसतात. नाव किती जणांनी घातले होते? परीक्षेला किती बसले? जे बसले नाहीत ते का बसले नाहीत? मध्येच सुटलेल्यांपैकी किती जणांनी बाहेर जाऊन शिक्षण पूर्ण केले? हे प्रश्न पत्रकार विचारत नाहीत, कारागृह सांगत नाही, आणि माझा अनुभव असा की विद्यापीठालाही ते माहीत नसते.

मी एका मध्यवर्ती कारागृहातल्या अभ्यासकेंद्रावर पाच वर्षे संमंत्रक म्हणून शिकवले आहे. कारागृहाचे आणि विद्यापीठाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष एका जागेचा नाही. त्या पाच वर्षांनंतर माझे म्हणणे सरळ आहे. तुरुंगातले कॉलेज आपण तुरुंगाच्या भरवशावर सोडून दिले आहे. विद्यापीठ नाव देते, पुस्तके पाठवते, प्रश्नपत्रिका पाठवते आणि शेवटी पदव्या मोजते. या सगळ्याच्या मधले जे काम असते, ज्याला कॉलेज चालवणे म्हणतात, ते कुणाच्याच अंगावर नाही. ते काम विद्यापीठाचे आहे. त्याने ते टाळले आहे आणि आपण सर्वांनी ते टाळू दिले आहे.

एक वर्ष कसे जाते

माझ्या वर्गात भिवंडीचा एक मुलगा होता. वय चोवीस. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेला, मग पॉवरलूमवर कामाला लागलेला. तुरुंगात आल्यावर त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसून तो पास झाला. खटला सुरू व्हायचा होता, म्हणजे तो कच्चा कैदी होता. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला दहा दिवस राहिले असताना कारागृहातली गर्दी कमी करण्यासाठी काही बंदी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात पाठवले गेले. त्यांत त्याचे नाव होते. सकाळी गाडी आली आणि तो गेला. वह्या बराकीतच राहिल्या. हॉल तिकीट आमच्या केंद्राच्या फायलीत राहिले.

मी कारागृहात विचारले. ते म्हणाले, बदलीचा हुकूम वरून आलेला आहे, कोर्टाची परवानगी घेतलेली आहे, त्यात परीक्षेचा कुठे संबंध येतो? खरे होते. मी विद्यापीठात फोन केला. तिथले म्हणाले, परीक्षा केंद्र बदलून हवे असेल तर विद्यार्थ्याने स्वतःच्या सहीने मुदतीत अर्ज करायला हवा होता, आणि ती मुदत संपली आहे. नियमाप्रमाणे तेही खरे होते. नव्या कारागृहात मुळात अभ्यासकेंद्रच नव्हते.

महिन्याभराने त्याचे पत्र आले. "सर, इथे परीक्षा नाही म्हणतात. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून फॉर्म भरायचा का?" मला उत्तर माहीत नव्हते. मी ज्यांना विचारले त्यांनाही माहीत नव्हते.

यात कुणी खलनायक नाही. अधीक्षक चांगले होते, आमच्या वर्गासाठी त्यांनी स्वतः पंखे बसवून घेतले होते. विद्यापीठातला माणूसही उर्मट नव्हता. पण "हा माझा विद्यार्थी आहे, त्याची परीक्षा व्हायला हवी," असे म्हणणारा एकही माणूस पगारावर नव्हता. बाहेरच्या कॉलेजात असा माणूस असतो. प्राचार्य असतात, परीक्षा विभागाचे लिपिक असतात, निदान वर्गशिक्षक असतो. तुरुंगातल्या कॉलेजात ती खुर्चीच नाही.

केंद्र कागदावर आणि केंद्र प्रत्यक्षात

नागपूर, येरवडा, नाशिक रोड अशा राज्यातल्या मोठ्या कारागृहांत इग्नूची किंवा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे चालतात. इग्नूने तिहारमध्ये केंद्र काढले त्याला तीस वर्षे होऊन गेली, आणि कैद्यांची फीही इग्नूने माफ केली आहे. हे सगळे नाकारायचे कारण नाही. केंद्र असणे आणि नसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे वरच्या गोष्टीतूनही दिसते.

पण केंद्र प्रत्यक्षात कसे चालते ते पाहा. केंद्राचा कारभार बहुधा कारागृहाच्याच एखाद्या शिक्षकाकडे किंवा कर्मचाऱ्याकडे असतो. त्याच्याकडे ग्रंथालय असते, साक्षरता वर्ग असतो, पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम असतो आणि बंदोबस्त कमी पडला की गेटवरची ड्यूटीही असते. फॉर्म भरायचे काम एखादा शिकलेला पक्का कैदी करतो. तो फर्लोवर गेला की फॉर्म थांबतात. आमच्यासारखे संमंत्रक तासाच्या मानधनावर येतात. गेटवर झडती, नोंद, परवानगीचे पत्र सापडणे, यात पाऊण तास जातो. दुपारी बराकी बंद होतात, संध्याकाळी लवकर पुन्हा बंद होतात, आणि मधल्या वेळात मुलाकत, दवाखाना, कोर्टाची तारीख. शिकवायला उरतो तास-सव्वा तास.

आता सगळे प्रवेश ऑनलाइन झाले आहेत. बाहेरच्या विद्यार्थ्याला ती सोय वाटते. तुरुंगातल्या विद्यार्थ्याला ती भिंत आहे. फॉर्म भरायला मोबाइल क्रमांक हवा, त्यावर ओटीपी येणार. ईमेल हवा. आधार हवे, ते घरी किंवा पोलिसांच्या पंचनाम्यात. शाळा सोडल्याचा दाखला हवा, तो आणायला घरचे कुणी यायला हवे, आणि घरच्यांनी तर तीन वर्षांत तोंड दाखवलेले नाही. आमच्या केंद्रात एका वर्षी चाळीस-पंचेचाळीस अर्जांसाठी एकाच कर्मचाऱ्याचा खासगी मोबाइल क्रमांक दिला गेला. त्याची बदली झाली तेव्हा त्या सगळ्या विद्यार्थ्यांचे निकाल, सूचना, पुनर्परीक्षेच्या तारखा त्याच्याबरोबर गेल्या. त्या भल्या माणसाने पुढचे वर्षभर आलेले मेसेज आम्हाला पाठवले म्हणून निभावले. म्हणजे एका विद्यापीठाचा कारभार एका कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर चालला होता.

महिला बंदींचे काय? आमचा वर्ग पुरुषांच्या सर्कलमध्ये भरायचा. महिला विभाग भिंतीपलीकडे. त्यांना पुरुषांच्या वर्गात आणता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण त्यांच्यासाठी वेगळी संमंत्रक द्यावी हे कुणाच्या यादीतच नव्हते. पाच वर्षांत मी महिला विभागातल्या एकाही विद्यार्थिनीला शिकवलेले नाही. पुस्तके मात्र त्यांच्या नावाने आली होती.

माफीचे आमिष आणि कच्चे कैदी

पदवी मिळवणाऱ्याला शिक्षेत माफी, ही योजना चांगली आहे. पण ती कुणासाठी आहे ते पाहा. माफी शिक्षेतून मिळते. ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला माफी कशातून देणार? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्या माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. तुरुंगांची सगळी अधिकृत जागा एकट्या कच्च्या कैद्यांनी जवळपास भरून जाते.

आपला सगळा शैक्षणिक कार्यक्रम, त्याचे बक्षीस, त्याची बातमी, उरलेल्या चौथ्या माणसासाठी आखलेली आहे. कच्चा कैदी परीक्षेच्या दिवशी इथे असेल की नाही हे त्याला माहीत नसते. जामीन होईल, बदली होईल, त्याच दिवशी कोर्टाची तारीख पडेल. म्हणून कारागृह त्याचे नाव घालायला नाखूश असते आणि विद्यापीठाला त्याची गळती नको असते. "सुटणारच आहे तर बाहेर जाऊन शिकेल," असे म्हणतात. आणि हे 'सुटणारच आहे' पाच-पाच, सात-सात वर्षे चालते.

या कच्च्या कैद्यांत कोण आहेत, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २०१९ च्या आकडेवारीत मुसलमान कच्च्या कैद्यांत १८.७ टक्के आणि पक्क्या कैद्यांत १६.६ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण १४.२ टक्के आहे. दलित आणि आदिवासींचीही गत तीच. महाराष्ट्रात हे अंतर फार मोठे होते. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ मध्ये राज्यातल्या तुरुंगांतल्या मुस्लिम बंदींचा अभ्यास केला. त्या सुमारास राज्याच्या लोकसंख्येत दहा-अकरा टक्के असलेला समाज तुरुंगात एक तृतीयांशाच्या आसपास होता. त्यांतले बहुतेक गरीब, कमी शिकलेले, तरुण आणि पहिल्यांदाच तुरुंगात आलेले होते.

याला सच्चर समितीचा २००६ चा आकडा जोडा. वीस वर्षांवरील लोकांत पदवी किंवा पदविका असलेल्यांचे प्रमाण देशात सुमारे सात टक्के होते आणि मुसलमानांत चार टक्क्यांहून कमी. ज्याला बाहेर कॉलेजने घेतले नाही, त्याला तुरुंगाने घेतले. तिथे तो पाच वर्षे बसून आहे. त्या पाच वर्षांत बी.ए. होते. हे विद्यापीठाला दिसत नसेल तर त्याने नजर तपासून घ्यावी.

हक्क कोर्टात जाऊन मागावा लागतो

"कैद्याला कसला आलाय शिक्षणाचा हक्क?" असे विचारणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. तुरुंगात गेल्याने माणसाचे सगळे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच डी. भुवनमोहन पटनाईक खटल्यात सांगितले आहे. १९७७ मध्ये मोहम्मद गियासुद्दीन खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नोकरीच्या आमिषाने लोकांना फसवलेल्या एका शिकलेल्या तरुणाची शिक्षा कमी केली आणि त्याला सुधारायला वाव मिळेल असे काम द्यायला सांगितले. शिक्षेचा हेतू माणूस परत मिळवणे हा आहे, ही त्या निकालाची भूमिका होती. जेल मॅन्युअल म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. तुरुंगात जात पाहून काम वाटण्याची पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलीच ना?

शिक्षणाबद्दल सांगायचे तर २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जन्मठेपेच्या दोन कैद्यांना कायद्याच्या वर्गांना ऑनलाइन बसायची मुभा दिली. आपल्याकडे एल्गार परिषद प्रकरणातल्या एका कच्च्या कैद्याने कायद्याची प्रवेश परीक्षा दिली, त्याला जागा मिळाली आणि मग विद्यापीठाने हजेरीचा प्रश्न काढला. पंचाहत्तर टक्के हजेरी कशी भरणार? सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला प्रवेश द्यायला सांगितले. मिळालेली जागा असूनही शिकू न देणे म्हणजे मूलभूत हक्काचा भंग, असे न्यायालय म्हणाले.

त्याच वर्षी दुसऱ्या एका कैद्याला कायद्याच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षेला बसण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. परवानगी मिळाली, तरी वेळेवर परीक्षा केंद्रावर न पोचवल्यामुळे त्याचे पेपर बुडाले. न्यायालयाने हक्क दिला आणि गाडी वेळेवर आली नाही. गाडीचा पाठपुरावा करणारा माणूस कुणाचा? कारागृहाचा नाही, पोलिसांचा नाही. तो विद्यापीठाचाच असायला हवा होता.

हे निकाल मोलाचे आहेत. पण ज्यांना वकील मिळतो, ज्यांची नावे पेपरात येतात, त्यांनाच ते मिळतात. भिवंडीच्या त्या मुलाला एका परीक्षा केंद्रासाठी कोण उच्च न्यायालयात नेणार? आणि मुळात परीक्षेचे केंद्र बदलणे हा न्यायमूर्तींनी सोडवायचा प्रश्न आहे का? तो टेबलावर बसलेल्या एका माणसाने पंधरा मिनिटांत सोडवायचा प्रश्न आहे.

अमेरिकेत काय केले

अमेरिकेचे उदाहरण देताना मला संकोच वाटतो. जगात सर्वांत जास्त माणसे कोंडणाऱ्या देशांत तो देश आहे, आणि तिथल्या तुरुंगांत काळ्या लोकांचे प्रमाण आपल्याला आपल्याच आकड्यांची आठवण करून देईल. पण तुरुंगातले कॉलेज कुणी चालवायचे, या प्रश्नाचे उत्तर तिथे काही ठिकाणी नीट दिले गेले आहे.

१९९४ पर्यंत तिथल्या गरीब कैद्यांना पेल ग्रांट नावाची सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. त्यावर शेकडो तुरुंगांत कॉलेजचे वर्ग चालत. त्या शिष्यवृत्तीच्या एकूण पैशांतला एक टक्काही कैद्यांवर जात नव्हता, तरी "गुन्हेगारांना फुकट कॉलेज" अशी ओरड झाली आणि १९९४ च्या गुन्हेविषयक कायद्याने ती बंद केली. जवळजवळ सगळे वर्ग मोडले. ती परत मिळायला जवळपास तीस वर्षे लागली. १ जुलै २०२३ पासून ती पुन्हा सुरू झाली.

मधल्या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजने देणग्यांवर तुरुंगात वर्ग चालवले. तिथे कॉलेजचेच प्राध्यापक येतात, बाहेरच्याच दर्जाचा अभ्यास असतो, निबंध आणि मुलाखत घेऊन प्रवेश दिला जातो आणि पदवी बार्डची मिळते. वर्गाचा कारभार पाहणारी माणसे कॉलेजची असतात, तुरुंगाची नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या कैद्यांच्या वादविवाद संघाने हार्वर्डच्या संघाला हरवले. त्यांच्याकडे इंटरनेट नव्हते. पुस्तक मागवले की तुरुंगाच्या मंजुरीची वाट पाहावी लागे. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेन्टिन तुरुंगात तर २०२२ मध्ये एक कॉलेज स्वतंत्र मान्यता घेऊन उभे राहिले.

आपण घ्यायची गोष्ट मात्र त्यांच्या नव्या नियमांत आहे. तुरुंगातला कार्यक्रम कैद्याच्या हिताचा आहे की नाही हे ठरवताना तिथे हेही पाहिले जाते की सुटल्यावर त्याचे श्रेयांक दुसरीकडे चालतील का, आणि त्याच संस्थेच्या बाहेरच्या वर्गात त्याला पुढे शिकता येईल का. म्हणजे विद्यार्थी तुरुंगाच्या गेटमधून बाहेर पडला तरी कॉलेजमधून बाहेर पडत नाही. रँड संस्थेने २०१३ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तुरुंगात कुठलेही शिक्षण घेतलेल्यांत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी आढळली. शिकायला पुढे येणारा माणूस आधीच सुधारण्याच्या वाटेवर असतो, असा आक्षेप यावर घेता येतो. घ्या. त्या वाटेवरच्या माणसाला अडवायचे कारण तरी त्यातून मिळत नाही.

आपल्या घरातले आक्षेप

बाहेरचे लोक म्हणतात, "गरिबांच्या मुलांना बाहेर कॉलेज परवडत नाही आणि तुम्ही खुन्यांना शिकवा म्हणता." मी म्हणतो, दोघांनाही शिकवा. मुक्त विद्यापीठात एकाला प्रवेश दिल्याने दुसऱ्याची जागा जात नाही. मुक्त म्हणतात ते त्यासाठीच.

पण मला जास्त बोलायचे आहे ते आपल्याच समाजाशी. आपल्या सभांत तुरुंगाचा विषय निघतो तेव्हा तो एकाच वाक्यात निघतो: "निर्दोष मुसलमान तरुणांना सोडा." हे वाक्य खरे आहे आणि ते म्हटलेच पाहिजे. मुंबईच्या २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात एक जण नऊ वर्षांनी निर्दोष सुटला, आणि बाकीच्या बारा जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले, तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. त्यांतल्या काहींनी तुरुंगातच अभ्यासक्रमांमागून अभ्यासक्रम पूर्ण केले. त्या काळात त्यांच्या हातात राहण्यासारखे तेवढेच होते.

पण आपल्या वाक्यात दोषी माणूस कुठे आहे? चोरी केलेला, मारामारी केलेला, गर्द विकलेला, रागाच्या भरात खून केलेला आपल्या मोहल्ल्यातला मुलगा? त्याचे नाव आपण घेत नाही. तो आपली लाज आहे. वकिलांची फी देण्यासाठी आपण जकातीचे पैसे गोळा करतो, ते चांगलेच आहे, पण तेही "आपला मुलगा बेकसूर आहे" याची खात्री करून. शिक्षणाचा हक्क मिळवायला निर्दोष असावे लागत नाही. तुरुंगात शिकवताना मी कुणालाच "तू काय केलेस" असे विचारले नाही. त्यांनी सांगितले तेव्हा ऐकले. त्याने माझा तास बदलला नाही.

मौलाना आझादांनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना 'गुबार-ए-खातिर' लिहिले आणि त्याच किल्ल्यात पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे आपण अभिमानाने सांगतो. साने गुरुजींची 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगातली. ही माणसे आधीच शिकलेली होती. त्यांना कागद-शाई मिळाली आणि त्यांनी साहित्य दिले. आजच्या बराकीतल्या माणसाला आधी अक्षर मिळायचे आहे. देशातल्या कैद्यांत सुमारे चौथा हिस्सा निरक्षर आहे आणि त्याहून मोठा हिस्सा दहावीच्या आत शाळा सोडलेला. त्याला तुरुंगाचा इतिहास सांगून काय उपयोग? त्याला शिक्षक हवा.

काय हवे ते नेमके सांगतो

प्रत्येक विद्यापीठाने कारागृहातल्या विद्यार्थ्यांसाठी एक पूर्णवेळ अधिकारी नेमावा. त्याचा पगार विद्यापीठ देईल, जबाबदारी विद्यापीठाची असेल, आणि प्रत्येक केंद्राला महिन्यातून एकदा त्याची भेट असेल. कारागृहाने फक्त जागा, वेळ आणि सुरक्षितता द्यावी. ते त्यांचे काम आहे.

कैद्याची नोंदणी कैद्याबरोबर जावी. बदलीची यादी निघाली की कारागृहाने विद्यापीठाला त्याच दिवशी कळवावे आणि नव्या कारागृहात, केंद्र असो वा नसो, पर्यवेक्षक पाठवून परीक्षा घ्यावी. एका विद्यार्थ्यासाठी प्रश्नपत्रिकेचे एक पाकीट न्यायला किती खर्च येतो?

ओटीपी आणि ईमेलची अट कैद्यांसाठी काढावी आणि केंद्राचा स्वतःचा अधिकृत क्रमांक असावा. मूळ दाखला नसेल तर तात्पुरता प्रवेश द्यावा.

कच्च्या कैद्यांना पक्क्यांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा. जामीन झाला तर जवळच्या बाहेरच्या केंद्रात त्यांचे नाव आपोआप वर्ग व्हावे. महिला विभागासाठी स्वतंत्र संमंत्रक असावी.

भाषेचा प्रश्न उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांसाठी फार मोठा आहे. माझ्या वर्गात कितीतरी जण मराठी बोलायचे, पण लिहायला बसले की हात थांबायचा. त्यांच्यासाठी सुरुवातीला मराठीचा जोडवर्ग हवा. ज्यांना उर्दूतूनच शिकायचे आहे त्यांच्यासाठी, १९९८ पासून चालू असलेल्या हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाच्या दूरशिक्षणाचा मार्ग राज्याच्या कारागृहांत मोकळा करावा.

आणि दरवर्षी विद्यापीठाने आकडे छापावेत. नोंदणी किती, परीक्षेला बसले किती, पास किती, बदली किंवा सुटकेमुळे सुटले किती आणि त्यांतले पुढे चालू ठेवलेले किती.

यातले काहीही सरकारला कायदा करून द्यावे लागणार नाही. विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने आणि व्यवस्थापन परिषदेने मनावर घेतले तर पुढच्या जूनपासून बहुतेक गोष्टी होऊ शकतात.

आता आपले काम. प्रत्येक जिल्ह्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातल्या विद्यापीठाला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. प्रश्न तीनच विचारावेत. गेल्या तीन वर्षांत कारागृहातल्या किती विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले आणि त्यांपैकी किती परीक्षेला बसले? बदली झालेल्या किंवा सुटलेल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचा लेखी नियम काय आहे? या विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे पद कोणते? दहा रुपयांचा अर्ज आहे. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला "असे पद नाही" असेच उत्तर येईल असा माझा अंदाज आहे. ते उत्तर लेखी हातात आले की मागणी करायला आधार मिळतो. आलेली उत्तरे या मासिकाकडे पाठवा, ती छापून घेऊ.

भिवंडीच्या त्या मुलाने पुढच्या वर्षी फॉर्म भरला की नाही हे मला कळले नाही. मी आणखी दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. कदाचित त्याचा जामीन झाला असेल आणि तो पुन्हा लूमवर गेला असेल. कदाचित पत्रेच पोचली नसतील. तो कुठे आहे हे मला माहीत नसणे मी समजू शकतो, मी तासाच्या मानधनावरचा माणूस होतो. ज्या विद्यापीठाने त्याला विद्यार्थी क्रमांक दिला होता, त्याला तरी हे माहीत असायला नको का?